जहाजावरची जास्तीची बाई

फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या खाणकामगारांच्या आमच्या सालो गावात माणसाला मरायच्या दोन वाटा होत्या. एक नेहमीची: खाण, हृदय, नाहीतर नोव्हेंबरात तळ्याचं बर्फ पुरतं धरलेलं नसताना ‘माझा अंदाज आहे’ म्हणत त्यावरून चालत जाणं. दुसरी वाट म्हणजे रेइनो हौक्कालाच्या कादंबरीत मरणं. मान दुसरीला जास्त होता, कारण तिथून परत येऊन चारचौघांत सांगता येई.

रेइनोचं हमरस्त्यावर टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत गावाचे आजारी टीव्ही, मागच्या खोलीत टाइपरायटर. त्या टाइपरायटरवर तो ‘दूरचा दिवा’ या मालिकेवरच्या कादंबऱ्या लिही. मालिका दर गुरुवारी संध्याकाळी डलूथच्या केंद्रावरून लागे. ‘टर्नस्टोन’ नावाचं जहाज ताऱ्यांमध्ये वाट चुकलेलं, त्याचा कप्तान ऑर्डवे घशात काहीतरी अडकल्यासारखा बोलणारा, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. लोकांना तेवढं पुरेना, म्हणून न्यूयॉर्कचा एक प्रकाशक मालिकेतल्याच माणसांच्या नव्या गोष्टी लिहवून घेई आणि चकचकीत कव्हरात घालून औषधाच्या दुकानांतल्या तारेच्या फिरत्या मांडणीवर, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी, विकायला ठेवी. त्यातल्या काही रेइनोच्या.

गंमत अशी की रेइनोनं ती मालिका कधी धड पाहिलीच नव्हती. गाव आणि डलूथ यांच्यामध्ये खाणीनं उपसून टाकलेल्या मातीचा डोंगर. त्यामुळे सालोत आवाज नीट येई, पण चित्राच्या जागी नुसतं पांढऱ्या ठिपक्यांचं बर्फ भुरभुरे. गावातल्या पोरांची खात्रीच होती की टर्नस्टोन ज्या ग्रहावर उतरतं तिथं हिवाळा असतो. रेइनोला पटकथा टपालानं येत. चेहरे तो मनानंच लावी. कप्तान ऑर्डवेला त्यानं आपल्या मेलेल्या मामाचा चेहरा दिला होता. पुढे खऱ्या नटाचा फोटो पाहिला तेव्हा ‘ह्याला कशाला घेतलं?’ म्हणून आठवडाभर खट्टू होता.

या धंद्याचा नियम त्याला संपादक हॅरिएट लोवेनथाल हिनं पहिल्याच फोनवर सांगितला होता. ‘दुसऱ्याचं घर आहे, राजा. राहा, खा, पी. पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि जाताना सगळं होतं तसं ठेवून जायचं.’ म्हणजे मालिकेतलं कोणी मरता कामा नये, कोणाचं लग्न होता कामा नये, कप्तानाला मिशीसुद्धा फुटता कामा नये. लेखकानं आपल्या पदरचं एखादं माणूस जहाजावर आणलंच, तर शेवटच्या पानाआधी त्याला मारायचं नाहीतर कुठल्याशा ग्रहावर उतरवायचं. कारण पुढच्या गुरुवारी ते टीव्हीवर दिसणार नसतं. हे तपासायला हॉलिवूडमध्ये एक मंजुरी खातंच बसवलेलं होतं.

तर मारायला माणसं लागत, आणि माणसांना नावं लागत. रेइनो ती गावातनं घेई. त्याचा जिवलग दोस्त ऊर्हो, जो खाणीतून नुकताच निवृत्त झाला होता, त्याला तिसऱ्या कादंबरीत एका वेलीनं गिळलं. ऊर्हो ते पान उघडून गुत्त्यात दाखवत फिरला. ‘वाचा, वाचा! “ऊर्हो मुकाट्यानं गेला.” किंचाळलोसुद्धा नाही.’ त्याची बायको म्हणाली, ‘जिवंतपणी एकदा तरी मुकाट्यानं जेव म्हणावं.’ पाद्रीबाबांनी तर रस्त्यात गाठून सुचवलं होतं की आपल्याला फार मोठं मरण नको, बेताचंच असू दे, फक्त श्रद्धेनं.

नाही म्हणणारी गावात एकच होती. रेइनोची बायको लेम्पी. सहकारी दुकानाच्या गल्ल्यावर ती बसायची, आणि ऊर्हो म्हणे, तिच्या जिभेवर कुऱ्हाडीला धार लावून मिळेल. रेइनोचं एकही पुस्तक तिनं वाचलं नाही. नवं पुस्तक आलं की विचारायची, ‘ह्यात कोणाचा मुडदा पाडलास?’ आणि उत्तर ऐकून त्या घरी वेलदोड्याचा गोड पाव पाठवून द्यायची. स्वतःविषयी मात्र तिनं बजावून ठेवलं होतं. ‘खबरदार मला त्या डब्यात कोंबलंस तर. मला मारायचं असेल तर घरी ये आणि हातानं मार.’

एकोणऐंशी सालच्या मार्चमध्ये ती एका सकाळी डोक्याला रुमाल बांधून दुकानात गेली आणि पिठाच्या पोत्यांमध्ये कोसळली. रेइनो हातात पेचकस घेऊन तसाच रस्ता ओलांडून धावला, पण तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढचं सगळं रीतसर झालं. गावानं कॉफी केली, पाव भाजले, कबरीसाठी गोठलेली जमीन शेकोटी करून मऊ केली. फक्त रेइनो ‘लेम्पी गेली’ असं म्हणेना. कोणी विचारलं तर म्हणे, ‘लेम्पी घरी नाहीये.’ लोकांनी मनावर घेतलं नाही. आम्हा मूळच्या फिनलंडच्या लोकांत दुःख बोलून दाखवणं म्हणजे चारचौघांत कपडे काढण्यासारखं. ते सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, चालतं, बाहेर नाही.

एप्रिलमध्ये हॅरिएटचा फोन आला. सहावी कादंबरी हवी होती.

‘जमेल ना रे? नाहीतर दुसऱ्या कोणाला देते. वाईट वाटून घेऊ नकोस.’

‘जमेल,’ रेइनो म्हणाला. त्याला दुसरं काय जमणार होतं!

चौथं प्रकरण चालू होतं. कप्तान ऑर्डवे जहाजाच्या तळाशी उतरतो, एवढंच हॅरिएटला आधी कळवून ठेवलेलं. तळाशी काय आहे हे रेइनोनं ठरवलेलं नव्हतं. त्यानं दार उघडलं तर आत भट्टी होती, आणि भट्टीपुढे पदर खोचल्यासारखा कोटाचा घोळ खोचून एक बाई उभी होती.

‘दार लाव,’ ती कप्तानाला म्हणाली. ‘ऊब काय तुझ्या बापानं भरलीये?’

रेइनोचे हात थांबले. मग भराभर चालू लागले. अंतराळातल्या जहाजाला भट्टी कशाला, असं विचारणारी एकच व्यक्ती त्याच्या आयुष्यात होती, आणि ती तर समोर भट्टीत लाकडं घालत होती. नाव मात्र त्यानं लेम्पी दिलं नाही. तेवढी भीती शिल्लक होती. हिल्या असं नाव दिलं. आमच्याकडे त्याचा अर्थ शांत, गप्प. हा त्याचा विनोद होता, आणि त्यावर ती हसल्याचं त्याला ऐकू आलं.

मग वसंत ऋतू मजेत गेला, असंच म्हणायला हवं. मागच्या खोलीतून रेइनोचा हसण्याचा आवाज येई. ऊर्हो एकदा रेडिओ घेऊन आला तर टाइपरायटरच्या दोन्ही बाजूंना कॉफीचे कप.

‘कोण आलंय?’

‘कोणी नाही.’

‘मग कोणी नाहीची कॉफी मी पितो,’ म्हणून ऊर्होनं दुसरा कप उचलला. तो अर्धा होता, आणि ऊर्होनं नंतर सगळ्या गावाला सांगितलं की त्यात साखर होती. रेइनो साखर घेत नसे.

पुस्तक संपत आलं तसा नियम आठवला. हिल्याला घालवायला हवं होतं. रेइनोनं आजवर अर्धं गाव मारलं होतं, हात एकदाही अडला नव्हता. त्यानं तिच्यावर भट्टी फोडली. सकाळी पान वाचलं तर खोटं वाटलं. ती बाई भट्टी फुटू देणारच नव्हती. त्यानं तिला एका पिवळ्या तापानं आजारी पाडलं. तिनं वैद्याला हाकलून लावलं आणि उठून बसली. त्यानं तिला एका हिरव्यागार ग्रहावर उतरवलं. ती शिडीवरून खाली बघून म्हणाली, ‘इथं? इथं गवत कोण कापणार?’ आणि वर आली.

पुस्तक पाठवायची वेळ झाली. तेव्हा रेइनोनं या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप केलं. भट्टीमागं एक अरुंद कप्पा आहे, हिल्या त्यात शीतनिद्रेत झोपली, आणि झाकण कप्तानानं आपल्या हातानं लावलं, असं एक वाक्य त्यानं लढाईच्या धामधुमीत दडवलं. ना मेली, ना उतरली. भाड्याच्या घराच्या माळ्यावर आपली ट्रंक ठेवून यावं तसं. हॅरिएटच्या नजरेतून ते सुटलं. मंजुरी खात्याच्याही सुटलं.

आणि घर गप्प झालं.

पहिले दोन दिवस रेइनोला वाटलं, दमलोय. मग थंडी सुरू झाली. जून होता. तळ्यावर पोरं पोहत होती, डासांनी गाव उचलून धरलं होतं, आणि रेइनोच्या घरात श्वासाची वाफ दिसे. त्यानं चूल पेटवली. लाकडं जळत, पोलाद तापून लाल होई, पण चुलीला पाठ लावून बसलं तरी पाठ गार ती गारच. अंथरुणाच्या तिच्या बाजूला हात नेला तर गोठलेल्या नळाला चिकटावा तसा गारठून निघे. गुरुवारी त्यानं टीव्ही लावला. कप्तान कुठल्याशा राणीशी वाद घालत होता, आणि पडद्यावरच्या बर्फात, खूप मागं, कोणीतरी दोन्ही हातांनी दंड चोळत उभं होतं. रेइनोनं उठून डबा बडवला. अँटेना फिरवली. आतल्या नळ्या बदलल्या. ते माणूस जागचं हललं नाही.

पुढच्या गुरुवारी त्यानं ऊर्होला बोलावलं.

‘तिथं. राणीच्या मागं. दिसतंय?’

ऊर्होनं डोळे बारीक केले. ‘राणी कुठाय?’

‘अरे, राणी नाही, तिच्या मागं!’

‘लेका, तुझ्या ह्या बर्फात बघायचं म्हटलं तर मला अस्वलसुद्धा दिसेल.’ मग त्यानं कोटाची कॉलर वर केली. ‘पण तुझ्या घरात एवढं गार का रे? मेलेलं ठेवतात तसं?’

रेइनोनं टीव्ही बंद केला. झाकण कोणी लावलं होतं हे त्याला माहीत होतं. जी बाई जन्मभर ‘दार लाव, ऊब जाते’ म्हणत राहिली, तिला त्यानं थंडीत कोंडून वरून झाकण लावलं होतं, केवळ घर गजबजलेलं राहावं म्हणून. आणि ते उघडायला सातवी कादंबरी हवी होती. त्यानं हॅरिएटला फोन केला.

‘सातवी तुझी नाही, राजा. आळीपाळीनं देतो ना आपण. ती ॲरिझोनातल्या टूसॉनच्या एमेट प्रूइटला दिलीये. तू विश्रांती घे जरा.’

रेइनोनं विश्रांती घेतली; म्हणजे जुलैभर दोन कोट घालून टीव्ही दुरुस्त केले. ऑगस्टच्या सुरुवातीला दुकानातला फोन वाजला.

‘हौक्कालासाहेब का? मी एमेट प्रूइट, टूसॉनहून. आपली ओळख नाही. पण तुमची एक बाई माझ्या घरी आलीये.’

‘कोण बाई?’

‘भट्टीवाली.’

रेइनो स्टुलावर बसला. एमेट बोलत राहिला. तो बोलका होता, आणि आवाजावरून झोप न झालेला. त्याचं म्हणणं असं: लिहायला बसण्याआधी रिवाजाप्रमाणे त्यानं आधीची सगळी पुस्तकं, अजून छापखान्यात असलेलं सहावंसुद्धा, वाचली, आपल्या हातून त्यांच्याशी विसंगत काही जाऊ नये म्हणून. त्यात ते वाक्य सापडलं. दुसऱ्या दिवसापासून घरात काकडायला होऊ लागलं. ‘इथं बाहेर गाडीच्या टपावर अंडं शिजतंय, साहेब, आणि मी आत घोंगडी घेऊन बसलोय. शेवटी म्हटलं, मरू दे, उघडू तो कप्पा. उघडला. तेव्हापासून ती बोलायची थांबलेली नाही. मी ब्रह्मचारी माणूस. ती माझी भांडी बघते आणि सुस्कारे टाकते.’

‘काय बोलते?’ रेइनोनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लहान मुलासारखा वाटला.

‘वाचून दाखवतो. हे बघा: कप्तान झाकण उघडतो. ती उठून बसते, त्याच्याकडे बघते, आणि म्हणते, “अरे बाबा, तुझ्या डाव्या कोपराला शाई लागलीये. कितीदा सांगायचं, रिबिनीवर टेकू नकोस.” आता कप्तानाच्या कोपराला शाई कुठून येणार? मला काही समजेना, पण तिनं सांगितलं तसं टाइप केलं.’

रेइनोनं आपलं डावं कोपर वळवून पाहिलं. लेम्पी हे त्याला रोज सांगायची. त्यानं ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. ऊर्होलासुद्धा ठाऊक नव्हतं.

‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘कोण सांगणार? बाई बोलते, मी बडवतो.’ एमेट जरा थांबला. ‘भाऊ, एक विचारू? ही कोण आहे?’

‘माझी मंडळी,’ रेइनो म्हणाला. आणि घाईनं पुढं म्हणाला, ‘ती हल्ली घरी नाहीये.’

‘ते माझ्याही लक्षात आलं,’ एमेट म्हणाला.

मग मुद्द्याची गोष्ट निघाली. मंजुरी खात्याला या खेपेला वास लागला होता. भट्टीवाली शेवटच्या पानाआधी जहाजावरून गेली पाहिजे, नाहीतर पुस्तकच रद्द, असं हॅरिएटनं कळवलं होतं. एमेटनं तिला दोनदा उडवलं होतं, एकदा लघुग्रहावर आपटलं होतं. ‘सकाळी वाचतो तर मलाच पटत नाही. ती स्फोटात मरणारी बाई नाही. ती कशी जाते ते तुम्हालाच माहीत असणार. एवढं एक प्रकरण तुम्ही लिहून द्या.’

‘मला नाही माहीत. राहू दे तिला तुमच्याकडे.’

‘अहो, राहू दे काय! मांजर आहे का ती?’

रेइनोनं फोन ठेवला. त्याच्या मनात जे उसळलं होतं त्याला भीती म्हणता येत नव्हतं. तो मत्सर होता. त्यानं इथं पडद्यावरच्या बर्फाकडे डोळे लावून बसायचं, आणि वाळवंटातल्या कोणा परक्यानं तिच्या शिव्या खायच्या?

ऊर्होला त्यानं सगळं सांगितलं. न सांगून करतो काय, बोलायला दुसरं माणूस नव्हतं. ऊर्होनं पूर्ण ऐकून घेतलं, पाइप पेटवला आणि म्हणाला, ‘म्हणजे म्हातारपणी बायको पळून गेली म्हणायची. आणि पळाली ती ॲरिझोनात!’

‘थट्टा करू नकोस.’

‘करत नाही. तिला पहिल्यापासून उन्हाची हौस.’

पण त्या शनिवारी ऊर्हो थट्टा विसरला. शनिवारी दोघं रेइनोच्या अंगणातल्या सौनात बसत. देवदाराच्या फळ्यांची खोली, चुलीवर दगडांची रास, दगडांवर पळीनं पाणी टाकायचं आणि उठणारी वाफ मुकाट्यानं सोसायची. घरात गारठा असला तरी तिथं मात्र अजून ऊब धरे. आंघोळ आटोपली. रेइनोनं नेहमीसारखी बादली उचलली, उरलेलं सगळं पाणी दगडांवर ओतलं आणि दार सताड उघडून वाफ बाहेर घालवली.

‘हेच,’ ऊर्हो बाकावरून म्हणाला. ‘मार्चपासून बघतोय. ऊब ठेवत नाहीस तू.’

रेइनो अंग पुसत राहिला.

‘तुझा बाप ठेवायचा. माझा ठेवायचा. मी आजही आईसाठी ठेवतो, आणि तिला जाऊन जन्म लोटला. शेवटची ऊब पुढं गेलेल्यांची. बादली भरून, पळी वर, स्वच्छ टॉवेल, दार लावायचं आणि वळून बघायचं नाही. लेम्पीसाठी तू एकदाही ठेवली नाहीस.’

‘ठेवली की झालं,’ रेइनो म्हणाला.

‘काय झालं?’

‘मग ती त्यांच्यातली झाली.’

ऊर्होनं अंगावरचा घाम हातानं निपटला. बराच वेळ बोलला नाही. आमच्या भागात बराच वेळ न बोलणं हे सहानुभूतीचं लक्षण आहे. परगावच्यांना ते भांडण वाटतं.

‘आणि नाही ठेवलीस म्हणून ती कोणात आहे, लेका?’ शेवटी तो म्हणाला. ‘ना आपल्यात, ना त्यांच्यात. एका ब्रह्मचाऱ्याची भांडी बघत बसलीये. तिला आवडत असेल हे?’

सोमवारी दुपारी रेइनोनं दुकानाला आतून कडी घातली. मागच्या खोलीत खिडकीच्या काचेला आतून हिमाची नक्षी चढली होती. पलीकडे हमरस्त्यावर माणसं सदऱ्याच्या बाह्या दुमडून आइसक्रीम खात होती. त्यानं कोटाची बटणं लावली, डावं कोपर जपून बाजूला घेतलं आणि कागद चढवला.

कप्तान तळाशी उतरला. भट्टीपुढं ती होती. डोक्याला रुमाल बांधत होती.

रेइनोनं कप्तानाच्या तोंडी घातलं: ‘कुठं निघालीस?’

वाट पाहिली. ती बोलेपर्यंत आपल्या मनानं तिच्या तोंडी काही घालायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. बोटं बधिर झाली.

‘जायचंय,’ ती म्हणाली.

‘परत कधी येशील?’

यावर तिनं कप्तानाकडे असं पाहिलं की रेइनोला टाइपरायटरवरची मान वर करता येईना. मग ती म्हणाली, ‘रात्री झोपायच्या आधी दोन ओंडके घालत जा. तुला येतं सगळं. तू करत नाहीस, एवढंच.’

कप्तानाला खूप काही म्हणायचं होतं. पटकथांमध्ये तो अशा वेळी ताऱ्यांकडे बघून लांबलचक बोले. रेइनोनं तसं काही लिहिलं नाही. दार उघडलं. इथं त्याला दोन शब्द टाइप करायचे होते, आणि ते हातातून उतरेनात. खोली इतकी गारठली की टाइपरायटरच्या दांड्या कुरकुरू लागल्या. मानेमागं कोणीतरी उभं होतं. त्याला वळून बघायचं होतं, आणि आपण वळलो तर ती पुन्हा थांबेल, हेही त्याला नीट कळत होतं. थांबेल, भांडेल, कॉफीत साखर घालेल, आणि काकडत राहील.

त्यानं टाइप केलं: ती गेली.

आणि तो ऐकू लागला. आता म्हणेल, एवढ्यानं काय जाते मी. आता म्हणेल, हे काय लिहिणं झालं? बाहेर कोणीतरी गाडी सुरू केली. खाणीचा भोंगा झाला. रेइनोच्या पाठीवरून काहीतरी ओघळलं, त्यानं दचकून हात लावला. घाम होता. ऑगस्टच्या भर दुपारी तो दोन कोट घालून बंद खोलीत बसला होता, आणि उकाड्यानं त्याचा जीव चालला होता. काचेवरून पाणी वाहत होतं.

त्यानं कोट काढले, मग टेबलावर डोकं ठेवलं, आणि मार्चपासून राहिलेलं रडणं रडून घेतलं. हे अर्थात कोणी पाहिलेलं नाही. पण कडी काढून तो बाहेर आला तेव्हा औषधांबरोबर आइसक्रीमही विकणाऱ्या समोरच्या दुकानातल्या बाईनं त्याचा चेहरा पाहिला आणि न विचारता त्याच्या हातात आइसक्रीम दिलं.

प्रकरण टूसॉनला गेलं. एमेटचा फोन आला.

‘भाऊ, मिळालं. वाचलं.’ तिकडे कसलीशी घरघर ऐकू येत होती. शेवटी म्हणाला, ‘इथं आता पंखा लावलाय मी.’

हॅरिएटचा फोन मात्र महिना उलटल्यावर आला, आणि ती चांगलीच भडकलेली होती. मंजुरी खात्यानं सगळं प्रकरण कापलं होतं. जहाजाला भट्टी नसते, कप्तान असा गप्प राहत नाही, रुमाल तर मुळीच नको. सगळ्याच्या जागी एकच वाक्य ठेवलं होतं: हिल्या जहाजावरून गेली.

‘मी भांडते त्यांच्याशी, राजा. एमेटही म्हणतोय भांड. एवढं चांगलं लिहिलं होतंस!’

रेइनोनं फोनची तार बोटाला गुंडाळली. पिठाच्या पोत्यांमध्ये ती पडलेली त्यानं पाहिली होती. तिथं ना दारात थांबून बोलणं होतं, ना निरोप. ते निरोपाचं प्रकरण त्याला स्वतःला हवं होतं. ते त्याला मिळालं होतं.

‘नका भांडू, हॅरिएटबाई,’ तो म्हणाला. ‘घडलं ते एवढंच आहे.’

त्या शनिवारी सप्टेंबरचं ऊन तळ्यावर तिरपं झालं होतं. सौनात ऊर्हो आणि रेइनो शेजारी शेजारी बसले. घाम निथळत होता.

‘ऊर्हो,’ रेइनो म्हणाला, ‘लेम्पी गेली.’

ऊर्होनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पळीभर पाणी दगडांवर टाकलं. ‘हो रे,’ तो म्हणाला. ‘मार्चमध्येच.’

आंघोळ झाल्यावर रेइनोनं बादली काठोकाठ भरली. पळी आडवी ठेवली. घरून मुद्दाम आणलेला इस्त्रीचा टॉवेल खुंटीला लावला, एकदा काढला, घडी नीट केली, पुन्हा लावला. चुलीत दोन ओंडके सारले आणि बाहेर येऊन दार लावलं. दोघं पायरीवर बसले, अंगावरून वाफा निघताहेत, समोर तळं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळानं आतून तापल्या दगडांवर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज आला.

‘दगड तडकला असेल,’ ऊर्हो म्हणाला.

‘असेल,’ रेइनो म्हणाला.

आवाज पुन्हा आला, या खेपेला मोठा, सढळ हातानं पळी ओतल्यासारखा. ऊर्होनं आता काही कारण सांगितलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि दोघं पाठीमागच्या दारातून येणारी ऊब अंगावर घेत तिथंच बसून राहिले.